माईंनाही विचारलं

अप्पांनी हयातभर बस चालवली, पण बोलण्यात रिव्हर्स गिअर ठाऊक नाही. एकदा बोलले की बोलले! त्यामुळे राज्यघटना हवी की नको, हे नागरिकांनी पुन्हा तोंडाने सांगायचंय म्हटल्यावर ते उखडलेच.

"पिढी बदलली की या सरकारचं आपलं सुरू! मागच्या खेपेला मी 'हवी' म्हणालोय. शब्द दिला तो दिला."

"तुम्ही दिलात," शिलाई मशीनवरून मान वर न करता माई म्हणाल्या. "मी कुठे दिला?"

"अगं, तेव्हा घरटी एकच जण जायचा. सगळ्यांच्या वतीने मीच म्हणालो."

"मला विचारून?"

अप्पांनी विचारलं नव्हतंच.

माईंनी दोरा तोडला. "या वेळी मी जाणार. काय म्हणायचं ते तिथेच ठरवीन."

अप्पांचं धाबं दणाणलं. ही बाई चारचौघांत 'नको' म्हणाली तर? डेपोतली झाडून सगळी मंडळी रांगेत असणार. आणि हिचा तो 'नको' नुसता घटनेलाच असेल कशावरून? त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.

शाळेच्या हॉलमध्ये माईंनी टेबलामागच्या बाईंना फर्मावलं, "समानतेचं कलम वाचा बघू." बाईंनी वाचलं. "पुन्हा एकदा." रांगेत चुळबुळ सुरू झाली. माई मागे वळल्या. "अहो, ऐकलंत ना?"

"ऐकलं गं बाई, दोनदा ऐकलं!"

अख्खा हॉल हसला.

"हवी," माई खणखणीत आवाजात म्हणाल्या. अप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यांनीही घाईघाईने 'हवी' म्हणून टाकलं.

घरी येताच अप्पा न सांगता स्वयंपाकघरात शिरले, डबे धुंडाळून साखर शोधली आणि चहाचा कप घेऊन मशीनपाशी उभे राहिले.

"अगं, आपल्या लग्नालाही तुझ्या वडिलांनीच होकार दिला होता. तुला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही." इतकी भीती त्यांना घाटातही कधी वाटली नव्हती. "आता विचारतो. हवं की नको?"

माईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पण डोळे पाणावले होते.

"हवं," त्या म्हणाल्या. "पण दुरुस्तीसकट. साखर कमी, आणि सकाळचा चहा रोज तुम्ही करायचा."

अप्पांनी लगेच हात वर केला. "मंजूर!"