मिटलेल्या तोंडाची पट्टी

मी मुळातच संशयी. आई म्हणायची, नुनिंगला कुणी केळं दिलं तरी आधी साल उलटून बघेल. त्यात जावा बेटावरच्या पारे गावातल्या त्या घरात जाऊन पडले, तिथे तर संशयाचा नियमच होता.

त्या गावात घरोघरी इंग्रजीचे वर्ग. आमच्या घरात बावीस मुली होत्या. महिनाभर, चोवीस तास फक्त इंग्रजी बोलायचं. जावानीज नाही, इंडोनेशियनही नाही. तोंडातून निघालीच तर पट्टी. बोटभर रुंदीची लाकडी पट्टी, तिच्यावर लाल रंगाने मिटलेलं तोंड काढलेलं. ती जिच्याकडे असेल तिने गुपचूप दुसरीला पकडायचं आणि पट्टी तिच्या उशीखाली सरकवायची. जाळ्यात ओढण्यासाठी ती स्वतः आपल्या भाषेत बोलली तरी तिला माफ. रविवारी सकाळी पट्टी जिच्याकडे निघेल तिच्या नावावर एक फुली. तीन फुल्या झाल्या की सामान बांधायचं, दाखला विसरायचा.

माझ्या दोन झाल्या होत्या आणि शेवटचा रविवार उरला होता. लाबुआन बाजो या पर्यटकांच्या गावी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात माझी जागा धरून ठेवली होती, पण दाखला दाखवला तरच. नाहीतर माझ्या गावी, पोनोरोगोला परत, काकांच्या दुकानात साबणाच्या वड्या मांडायला. सहा वर्षं मांडल्या होत्या. पुरे झालं होतं.

दोन्ही वेळा मी 'बिकॉज'पाशी फसले. गुंतूर सर कानीकपाळी ओरडायचे, "तुटक बोलू नका! अँड, बट, सो, बिकॉज. जोडा, मुलींनो, जोडा!" मला भूक नाही, इथपर्यंत माझं इंग्रजी नीट चालायचं. पण बिकॉज म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि माझी सगळी कारणं पोटात जावानीजमध्येच होती. भसकन बाहेर यायची. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी ठरवलं, जोडायचंच नाही. येस. नो. आय ॲम फाइन.

माझ्या खोलीत तेन्री होती, मकास्सरची, बुगी जमातीची पोरगी, एकोणीस वर्षांची. समुद्रापलीकडून पहिल्यांदाच एकटी आलेली. मला काक म्हणायची, ताई म्हणतात तसं. एरवी तिचं तोंड मिटत नसे. बुधवारपासून मात्र ती गप्प झाली आणि माझ्या मागे मागे फिरू लागली. स्वतःची तळलेली केळी माझ्या ताटात ठेवली. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "काक, तुझी आई बरी आहे? तू तिला सोडून आलीस, बिकॉज...?" आणि थांबली. पुढचं मी भरावं म्हणून.

मी मनात म्हटलं, वा गं शहाणे! पट्टी तुझ्याकडेच आहे. माझ्या दोन फुल्या तुला ठाऊक आहेत आणि मी कुठे घसरते तेही ठाऊक आहे.

"शी इज फाइन. गुड नाइट," म्हणून मी कूस बदलली. उशीखाली हात घालून चाचपलं, तेव्हा कुठे झोप लागली.

फक्त मीच अशी होते असं नाही. त्या आठवड्यात सगळं घरच मुकं झालं होतं. जेवताना नुसते चमचे वाजायचे. माक तून नावाची स्वयंपाकीण तेवढी खुशाल जावानीज बोलायची. "मला कसले नियम? पुढचे दात नाहीत, इंग्रजी टिकायचं कुठे?"

आम्हाला रोज दुपारी दहा मिनिटं फोन मिळत. शनिवारी मी मागच्या नळावर कपडे घासत होते. फोन ठेवून तेन्री धावत आली आणि माझ्यासमोर मटकन बसली. चेहरा रडून लाल.

"काक, आईचं काही खरं नाही," ती सरळ इंडोनेशियनमध्ये बोलू लागली. "दादा म्हणाला, आजच नीघ. सुराबायाहून संध्याकाळचं विमान आहे. मला इथला रस्ता माहीत नाही, बस कुठली तेही कळत नाही. तू येशील का माझ्याबरोबर? विमानतळापर्यंतच."

उघड उघड आपल्या भाषेत! हीच ती सूट, हेच ते जाळं. माझ्या जिभेवर जावानीज येऊन बसली होती. अगं थांब, पाय धुते आणि येते. मी दात आवळले.

"इंग्लिश, प्लीज," मी म्हणाले.

मग बिचारीने प्रयत्न केला. "माय मदर... सिक. सो आय गो. बट आय ॲम अफ्रेड, बिकॉज..." तिथे ती अडली. हुंदका आवरेना. मी बादलीत बघत कपडे पिळत राहिले.

"आय ॲम सॉरी," मी म्हणाले. "ड्रिंक वॉटर."

ती उठून गेली. थोड्या वेळाने सायकलला पिशवी बांधून फाटकातून जाताना दिसली. खरं सांगते, तेव्हाही मला वाटलं, पोरगी नाटक शेवटपर्यंत वठवतेय. संध्याकाळी पाहिलं तर तिची गादी गुंडाळलेली होती.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात रांगेत उभ्या राहिलो.

"पट्टी कुणाकडे आहे?" सरांनी विचारलं.

कुणी हलेना. सगळ्या एकमेकींकडे बघतायत. सरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माक तून चुलीपासून उठून हात पुसत बाहेर आली.

"कसली पट्टी? ती तोंडवाली? मंगळवारी नळापाशी पडली होती. माझं टेबल डुगडुगत होतं, म्हणून पायाखाली सारली. हवीये का?"

मुली हसून हसून खाली बसल्या. पाच दिवस ज्या पट्टीला सगळं घर भीत होतं ती टेबलाखाली होती, आणि तेन्रीकडे आईच्या काळजीशिवाय काहीच नव्हतं. मला हसू आलं नाही.

दुपारी फोन कायमचे परत मिळाले. तेन्रीचा निरोप आलेला होता. इंग्रजीत. मीच तर मागितलं होतं.

'काक. मदर गॉन. आय कम लेट, बिकॉज राँग बस.'

मागून तिच्या भावाने सगळं कळवलं होतं. ती उलट्या दिशेची बस धरून बसली, विमान चुकलं. सकाळच्या विमानाने पोचली तोवर आईला माती दिली गेली होती. बरोबर बस माझ्या माहितीची होती. पोनोरोगोहून सुराबायाला मी कितीदा गेले असेन.

चार वाजता तोंडी परीक्षा होती. सर म्हणाले, "या आठवड्यातलं काहीही सांग. जोडणारे चारही शब्द यायला हवेत."

मी सांगितलं. "ती रडली, अँड मी ऐकलं. बट माझा विश्वास बसला नाही, बिकॉज मी भ्याले होते. सो ती एकटी गेली."

"शाब्बास!" सर खूश झाले. "कुठे अडखळली नाहीस. बघ, जोडायला शिकलीस की नाही?"

दाखला मिळाला, नोकरीही मिळाली. स्वागतकक्षात उभी राहून मी दिवसातून वीसदा परक्या लोकांना सॉरी म्हणते. तेन्रीच्या निरोपाला उत्तर अजून लिहिलेलं नाही. आता कुठलीही भाषा चालली असती, पण एकीतही जमत नाही.