एकाच खोलीत गायचं होतं

ताईचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. धाकटीचा इतक्या जवळून यायचा, की ऐकणाऱ्याला वाटे, ही आपल्याच कानाशी बोलतेय. ताई ऑपेरात गायची. धाकटी, जिला घरचे चिमणी म्हणत, पॉप गाण्यांच्या कार्यक्रमांत. दोघींत भांडण कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. दौरे, तालमी, बदललेले फोन नंबर, असं होता होता वडील गेले तेव्हाची भेट शेवटचीच ठरली होती.

म्हणून रेकॉर्ड कंपनीने दोघींच्या युगलगीताचं विचारलं, तेव्हा ताईने चाल ऐकण्याआधीच हो म्हटलं. तिच्या पियानोवादकाने नाक मुरडलं. "तुम्ही आणि असलं गाणं?"

"असलं म्हणजे माझ्या बहिणीचं," ताई म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

स्टुडिओत रेकॉर्डिस्टशिवाय कोणीच नव्हतं.

"चिमणी कुठाय?"

"मॅडमनी त्यांचा भाग त्यांच्या शहरातच गाऊन पाठवलाय. तुम्ही हेडफोन लावून त्यावर गा. हल्ली असंच करतात."

ताईने हेडफोन लावले. ओळीआधी चिमणीने घेतलेला श्वास ऐकू आला. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या तेव्हा यायचा तसा, अगदी कानाला लागून. ताईने तोंड उघडलं, पण सूर फुटेना. बाहेर येऊन तिने फोन लावला.

"ताई? काय गं, काही बिघडलं का?"

"तू इथे ये."

"अगं, माझं गाऊन झालंय!"

"माझं नाही झालं. यंत्राबरोबर नाही जमत मला."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग चिमणी म्हणाली, "उद्या दुपारी येते. पण लगेच परत जाणार हं, कार्यक्रम आहे."

ती आली. मिठी मारून झाल्यावर दोघी एकमेकींना न्याहाळू लागल्या.

"बारीक झालीस," ताई म्हणाली.

"तू नाही झालीस!" चिमणी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

रेकॉर्डिस्ट मात्र वैतागला होता. एकीचं चुकलं की दोघींना पुन्हा गावं लागणार. त्यात ताईच्या पहिल्याच सुराला त्याच्या यंत्रावरचे आवाज मोजणारे काटे लाल रेषेपार गेले. तो तिला मागे मागे सरकवत गेला, पार भिंतीला पाठ टेकेपर्यंत. चिमणी पुढे, माइकला ओठ लावून, पाठमोरी. ताईला दिसत होती फक्त तिची मान, आणि प्रत्येक ओळीआधी उचलले जाणारे खांदे. त्या खांद्यांबरोबर ताईने श्वास घेतला आणि दोघींचा सूर एकदम सुटला.

शेवटच्या कडव्यात चिमणीचा आवाज चिरकला. ती थांबली नाही. ताईने आपला आवाज खाली आणला, रंगमंचावर कधीच आणला नव्हता इतका खाली, आणि तिच्या आवाजाला लावून धरला.

"चिरकलंय. पुन्हा घेऊ या?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"राहू द्या," दोघी एकदम म्हणाल्या.

विमानतळापर्यंत ताई सोबत गेली. चिमणी गाडीत बसल्या बसल्या तिच्या खांद्यावर झोपली. ताईला विचारायचं होतं, आता पुन्हा कधी? पण उठवायचा धीर होईना. तिने ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "जरा लांबच्या रस्त्याने घ्या."

तरी विमानतळ आलाच.

"पोचल्यावर फोन कर."

"करते गं," म्हणत चिमणी गर्दीत शिरली.

फोन आला. "पोचले," चिमणी म्हणाली. मागे गलका चालू होता, कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"घसा सांभाळ," ताई म्हणाली. तो प्रश्न पुन्हा ओठांपर्यंत आला, तोवर पलीकडून फोन ठेवला गेला होता.