पिंपळधऱ्याचे पाणी

नाल्याच्या रेतीत कोपरभर खड्डा केला की त्यात हळूहळू पाणी झिरपते. पिंपळधऱ्याच्या बौद्धवाड्यातल्या बाया अशा झिऱ्याचे पाणी वाटीवाटीने पितळी गुंडात भरून घरी नेत. त्या सकाळीही प्रेमिला झिऱ्यापाशी बसली. वाटी बुडवली तर पाणी तांबूस-काळे आले, वर फेस. तो खड्डा बुजवून तिने दहा हात वर दुसरा केला. तिथेही तेच.

वरच्या अंगाला, दीड कोसावर, कागदाचा कारखाना उभा राहिला होता. मागास भागात उद्योग यावेत म्हणून सरकारने त्याला जमीन दिली, वीज दिली, करात सूट दिली. एक्क्याऐंशी साली नागपूरहून पाहुणे येऊन कोनशिला बसवून गेले. घरटी एक नोकरी मिळेल, गावाची गरिबी जाईल, असे भाषणात सांगितले. पक्क्या नोकऱ्या गावातल्या सात-आठ जणांनाच लागल्या. सरपंच महादेवरावांना कागदासाठी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पुरवण्याचा ठेका मिळाला. प्रेमिलाचा नवरा चंद्रभान सातवी पास; त्याला महादेवरावांनीच शब्द टाकून रोजंदारीवर हौद साफ करण्याचे काम लावून दिले. हौदातला काळा गाळ तो नाल्यात सोडत असे. दोन पावसाळ्यांत नाल्यातले मासे संपले, खेकडे संपले, काठावरची वांगी जळाली. त्याला ते दिसत होते. पण घरची चूल त्याच कामावर पेटत होती.

गावात मोठी विहीर होती. कायद्याने ती सगळ्यांची. रीत मात्र अशी, की बौद्धांनी दोराला हात लावायचा नाही. चौथऱ्याखाली गुंड ठेवून उभे राहायचे, कुणाला दया आली तर ती वरून पाणी ओतणार. प्रेमिलाची सासू भागीरथा छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून असे ओतलेले पाणी तिने घरात येऊ दिले नव्हते. झिरे नासल्यावर प्रेमिला चोरून विहिरीवर जाऊ लागली. कुठले पाणी, असे सासूने विचारले की दूरच्या झिऱ्याचे म्हणून सांगायची. तसे सांगताना तिची मान वर होत नसे.

वैशाखात प्रेमिलाच्या सहा वर्षांच्या लेकीला, सुजाताला, जुलाब लागले. उजाडताच प्रेमिला विहिरीवर गेली. एरवी तिथे बायांची गर्दी असायची. त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. येईल कुणीतरी, म्हणून ती थांबली. दोर आणि बादली हाताच्या अंतरावर होती. दोनदा तिने पाऊल पुढे टाकले, आणि महादेवरावांच्या मनात आले तर नवऱ्याचे काम एका शब्दात जाईल हे आठवून मागे घेतले. ऊन डोक्यावर आले तरी कुणी फिरकले नाही.

घरी पोर पाणी पाणी करत होती. भागीरथाने नाल्याचे पाणी लुगड्याचा पदर तिहेरी करून गाळले, उकळले, निववून नातीला पाजले. प्रेमिला रिकामा गुंड घेऊन परतली तेव्हा सुजाताचे डोळे खोल गेले होते. चंद्रभानने शेजाऱ्याची बैलगाडी जुंपली. नागपूरचा दवाखाना चार कोस राहिला असताना, आईच्या मांडीवरच, पोरीचा श्वास थांबला.

माझ्याच हाताने पाजले, एवढेच भागीरथा दोन दिवस बोलत राहिली. तेव्हा प्रेमिलाने तिला विहिरीवरच्या ओतलेल्या पाण्याचे खरे सांगून टाकले. म्हातारी रागावली नाही. तिने सुनेचा हात धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी प्रेमिला पुन्हा विहिरीवर गेली. या खेपेला ती चौथरा चढली आणि स्वतः बादली विहिरीत सोडली. समोरच्या ओसरीवरून सरपंचांची बायको गोपिकाबाई पाहत होती. तिने अडवले नाही. बादली वर आली. पाणी तांबूस-काळे होते, आणि चंद्रभानच्या कामाच्या कपड्यांना येई तोच वास त्याला होता.

गोपिकाबाई खाली उतरून आली. प्रेमिला वाट पाहत उभी होती त्याच्या आदल्या संध्याकाळीच विहीर नासली, असे तिने खालच्या आवाजात सांगितले. सरपंचांकडे कारखान्याचा टँकर येत होता. बाकीचे लोक आपापल्या मळ्यांतून पाणी आणत होते. बभ्रा झाला तर कारखाना बंद पडेल, म्हणून महादेवरावांनी घरोघर निरोप देऊन सगळ्यांना गप्प राहायला सांगितले होते.

"अन् आमच्या वाड्यात कोनी काहून नाई सांगितलं?" प्रेमिलाने विचारले. "मी दुपारलोक इथंच उभी होती. तुमाले दिसली नाई?"

"दिसली वं." गोपिकाबाई म्हणाली. "पन तू तं रोजच उभी रायते. तुमाले सांगाचं, हे कोनाच्या ध्यानातच नाई आलं."

प्रेमिलाने बादली तिथेच ठेवली.

संध्याकाळी महादेवराव कारखान्याच्या मॅनेजरला घेऊन वाड्यात आले. टाइप केलेला कागद होता. मुलगी ऊन लागून गेली, कुणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर. सही केली तर चंद्रभानला पक्के करून घेणार होते. पोरगी काही परत येत नाही, राहिलेल्यांचा विचार कर, असे महादेवराव मायेने म्हणाले, आणि ती माया अगदीच खोटी नव्हती. चंद्रभानने कागद दोनदा वाचला. प्रेमिला त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"तो गाळ मीच सोडत होतो, सरपंचसाहेब," तो म्हणाला. "आता हे खोटंबी मीच लिहून देऊ काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्याचे काम बंद झाले. त्याने स्वतःच्या हाताने कारखान्याविरुद्ध अर्ज लिहिला. वाड्यातल्या सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. गावातून एकच अंगठा उठला, गोपिकाबाईचा. घरी तिला काय सोसावे लागले ते तिने कोणाला सांगितले नाही.

नवराबायको अर्ज घेऊन नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले, तर साहेब दौऱ्यावर होते. कारकुनाने प्रेमिलाने पुढे केलेली बाटली उजेडात धरली आणि कसला काढा आहे, असे विचारले.

"पानी हाय," प्रेमिला म्हणाली. "आमच्या गावचं."

त्याने बाटली घाईघाईने टेबलाच्या कडेला सरकवली, हात रुमालाला पुसला आणि उद्या यायला सांगितले. चंद्रभान जायला वळला. प्रेमिला समोरच्या बाकावर बसली.

"उद्याबी येतो, परवाबी येतो," ती म्हणाली. "आज अर्ज घेतल्याची पावती द्या."

कचेरी सुटायची वेळ झाली. शिपाई खिडक्या लावू लागला. ती उठली नाही. शेवटी कारकुनाने शिक्का उचलला.