आठ दिवसांचे आकडे

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. नाशिक रोडच्या एका कॉलनीत, लताबाईंच्या घरी राहतो. त्याआधी चार वर्षं एका टायपिंग क्लासमध्ये होतो. तिथल्या बोटांनी माझी अर्धी अक्षरं पुसून टाकली. क्लास बंद पडला तेव्हा लताबाईंनी मला घरी आणलं, अकरावी सायन्सला असलेल्या लेकीसाठी, तेजलसाठी.

तेजलच्या कॉलेजने विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना इंटरनेटवरून मार्गदर्शक जोडून दिले होते. तेजलला मिळाल्या बंगळुरूच्या उज्वला मॅडम. काम साधं होतं. कॉलनीच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते रोज सकाळी छोट्या मीटरने मोजायचं, वहीत आणि माझ्यात लिहायचं. दर रविवारी अकराला मॅडम बोलायच्या. नुसता आवाज यायचा, चेहरा कधीच नाही.

लताबाईंना हे खटकायचं. माझ्यासमोर मेथी निवडत त्या कान देऊन बसायच्या.

“तोंड का दाखवत नाही ही? बोअर कुठंय, वहीचे फोटो पाठव म्हणे... हिला कशाला पाहिजे एवढं?”

एकदा त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीच लावली. मला राग आला नाही. संशय माझ्याही मनात होता, पण तो तेजलवर. मागच्या महिन्यातले आठ दिवसांचे आकडे तिने एका संध्याकाळी, पाच मिनिटांत भरले होते.

पुढच्या रविवारी मॅडमनी नेमकं तेच विचारलं. “तेजल, दहा ते सतरा तारखेचे आकडे जवळजवळ सारखेच आहेत. रोज मोजलंस ना?”

“हो मॅडम.”

“नक्की?”

लताबाईंनी मेथी बाजूला टाकली. “ओ मॅडम, माझी पोर खोटं बोलते म्हणता? आधी स्वतःचं तोंड दाखवा!” आणि चिकटपट्टी ओढून काढली.

मॅडमनी त्यांच्याकडचा कॅमेरा चालू केला आणि पडद्यावर चष्म्यातली एक थकलेली बाई दिसली. आवाज लगेच तुटायला लागला. “ताई, तुमच्याकडे नेट कमी पडतं... चित्र लावलं की असं होतं, म्हणून बंद ठेवते.”

लताबाई जरा ओशाळल्या. “बरं, तारीख कोणती म्हणालात?”

“दहा ते सतरा.”

“तेव्हा तर आम्ही मनमाडला, भाच्याच्या लग्ना...” त्या मध्येच थांबल्या.

तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. “रकाने रिकामे दिसले असते तर प्रोजेक्ट बाद झाला असता.”

“रिकामेच ठेव,” मॅडम म्हणाल्या. “खाली लिही, मोजलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून लताबाई मोजताना शेजारी उभ्या राहू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात आकडा एकदम दुप्पट आला. आधीचा प्रकार ऐकून असलेल्या शेजारच्या सखुबाई हसल्या, “परत मनाचं लिहिलं वाटतं!” तेजलने तीनदा मोजलं, मीटर बिघडला नाही ना ते विकतच्या बाटलीतल्या पाण्यात तपासलं, आणि रविवारी भीत भीत मॅडमना सांगितलं.

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “माझा विश्वास आहे. पाणी प्रयोगशाळेत द्या. तोवर कोणी पिऊ नका.”

अहवालात बोअरमध्ये गटाराचं पाणी मिसळत असल्याचं आलं. गटाराचा फुटलेला पाइप चार दिवसांत बदलला. प्रदर्शनात तेजलचा नंबर मात्र आला नाही.

आता माझी बॅटरी फुगलीय, वायर काढली की मी विझतो. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. माझ्यात दिसणारा प्रत्येक आकडा कोणीतरी भरलेला असतो. खुशाल संशय घ्या, विचारा. पण कोणी खरं मोजून आणलं, तर तिला हसू नका.