कोणती आत्या?

स्वरूपा मॅडमनी बारामतीच्या दवाखान्यात सिस्टरांना जनुकांचे धडे दिले, तेव्हा वंशावळीत चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई आणि त्रास असलेलं माणूस काळं, एवढं त्यांतल्या वृषालीला लगेच पटलं. "रक्ताचं नातं तेवढं धरायचं. सासरची माणसं त्यात येत नाहीत," मॅडमनी बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अंथुर्ण्याच्या कौसल्याताई पित्ताशयातले खडे काढायला आल्या. पोट उपाशी, चहावाचून जीव कासावीस.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय?" वृषालीनं विचारलं.

"आत्यांना झालता की. आप्रेशन उरकलं, तरी सांजंपत्तुर श्वास मशीनवर."

वृषालीनं वंशावळीचा कागद पुढं ओढला. स्नायू सैल करणारं भुलीतलं एक औषध काही घराण्यांच्या अंगात लवकर विरत नाही, हे कालच शिकवलं होतं. तिनं वडलांच्या चौकोनाशेजारी आत्याचा गोल काढून काळा केला. मग पेन थांबलं. इकडं सुना सासूलाच आत्या म्हणतात. ती स्वतःही म्हणते.

"आत्या म्हंजे सासू ना, ताई?"

"व्हय. ही काय, भाईर बाकड्यावर बसल्यात."

वृषालीनं सुस्कारा सोडला आणि गोल खोडला. सासूची जनुकं सुनेत कशी येतील? भूलतज्ज्ञांना सांगण्यासारखं काही उरलं नाही. स्ट्रेचर निघालं.

दाराशी चंद्राबाई, म्हणजे सासूबाई, उठून उभ्या राहिल्या. "भिऊ नगंस गं! माझ्या भावाची लेक हायस तू!"

"थांबा!" वृषाली ओरडली. "मावशी, सख्ख्या भावाची?"

"सख्ख्या. लेकाला मीच मागून घेतली. का, बदलून देताय?"

वृषालीनं गोल पुन्हा काढला, काळा केला. ताई आणि त्यांच्या नवऱ्यामध्ये दोन रेघा मारल्या.

कौसल्याताईंनी मान उचलून पाहिलं. "दोन रेघा कशापायी? नवरा तर येकच हाय."

"नात्यातला हाय म्हणून."

भूलतज्ज्ञांनी कागद पाहिला, ते औषध परत ठेवलं आणि दुसरं काढलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचंही ठरलं.

ऑपरेशननंतर कौसल्याताई आपला आपण श्वास घेत होत्या. तरी वृषाली त्यांच्या छातीकडं टक लावून बसली होती.

"आत्याच्या वळणावर गेली न्हाय म्हणायची," चंद्राबाई जरा हिरमुसून म्हणाल्या.

"ते रक्त सांगंल," वृषाली म्हणाली.

कौसल्याताईंचे ओठ हलले. दोघी खाली वाकल्या.

"च्या..."