जाळीआडचा काटा

सत्यवती इंजिनिअर होऊन तुमसरकडच्या मँगनीजच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिचे बाबा, कवडूजी, तिथे पॅनलवर ऑपरेटर होते. सिहोऱ्याहून बापलेक एकाच बसने यायची, आणि बसमधली माणसं कवडूजींना खिडकीची जागा द्यायला लागली होती. मुलगी साहेब झाली म्हणून.

कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये टाक्यांच्या रांगा होत्या. जाड तांब्याच्या पट्ट्यांतून त्या टाक्यांत वीज जायची आणि आत बुडवलेल्या पत्र्यांवर मँगनीज चढायचं. वीज किती जाते हे सांगणारं मीटर थेट त्या पट्टीवरच बसवलेलं होतं, म्हणून त्याच्याभोवती लोखंडी जाळी. कवडूजी तासातासाला ओल्या फरशीवरून तिथे जायचे, जाळीला नाक लागेल इतके वाकायचे, आणि डोळे बारीक करून काटा वाचायचे. वय झालं होतं. काटा बारीक होता.

त्या पावसाळ्यात एक दिवस सत्यवती हॉलमधून जात होती. बाबा वाकले आणि त्यांचा पाय सरकला. दोन्ही हात जाळीवर आपटले. जाळीला अर्थची तार होती, म्हणून धक्का बसला नाही. कवडूजींनी हात झटकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि लेक दिसताच हसले.

"काई नाई बाई. चप्पल गुळगुळीत झाली."

तिला हसता आलं नाही. तिने त्याच दुपारी गोपीचंद साहेबांना गाठलं. साहेब विजेच्या खात्याचे प्रमुख, कमी बोलणारे. तिचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मीटर जाळीतून काढून पलीकडच्या पॅनलच्या खोलीत, टेबलावर आणायचं.

"आणा," ते म्हणाले. "कसं आणता ते तुम्ही ठरवा."

ठरवणं सोपं नव्हतं. पट्टीच्या वाटेत शंट नावाचा एक तुकडा असतो. वीज जाताना त्याच्या दोन टोकांत एवढासा फरक पडतो, एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. त्या फरकावरून सगळा हिशेब कळतो. पण ती दोन्ही टोकं जमिनीपासून सहाशे व्होल्टवर असतात. टेकडीच्या माथ्यावरचे दोन दगड, त्यांच्या उंचीत बोटभर फरक, आणि आपण पायथ्याशी उभं राहून ते बोट मोजायचं, तसा प्रकार. त्यासाठी मधे अॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे तो बारका फरक वेचून मोठा करणारं सर्किट.

तिने आधी ते स्वतःच बांधलं. मोठमोठ्या रेझिस्टरांनी दोन्ही टोकांचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, खाली आणायचा आणि मग एकातून दुसरं वजा करायचं. रेझिस्टरांच्या जोड्या तंतोतंत जुळल्या नाहीत तर वजाबाकी चुकते, म्हणून तिने ढीगभर रेझिस्टर मोजून जुळे शोधले. वर्कशॉपच्या टेबलावर काटा असा स्थिर उभा राहिला की तिला टाळी वाजवावीशी वाटली.

"छान," साहेब म्हणाले. "उद्या लावून टाका."

ती घरी जायला निघाली आणि दारातून परत आली. टेबल स्वच्छ होतं. हॉल स्वच्छ नव्हता. तिथे हवेत सदा काळी धूळ, वर टाक्यांची ओली वाफ. तिने हॉलमधल्या पत्र्यावरून चिमूटभर धूळ आणली, सर्किटवर पसरली, ओलं फडकं जवळ धरलं आणि दाब चढवला. काटा भरकटला. एक चिप फट्कन जळाली. अर्थची तार कधी तुटली तर काय, म्हणून तिने ती मुद्दाम सोडवून पाहिली, तर बाहेर जाणाऱ्या तारेवर टेस्टरचा दिवा लालभडक पेटला. ती तार उद्या बाबांच्या टेबलावर जाणार होती.

बराच वेळ ती त्या दिव्याकडे पाहत बसली. मग दाब उतरवला.

सकाळी तिने साहेबांना सांगितलं, "हे नाही लावायचं. मधे कुठेच धातूची वाट नसेल असा अॅम्प्लिफायर पाहिजे. मुंबईहून मागवावा लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर जाळीतलंच मीटर."

"कवडूजी वाचतात ते."

"हो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सत्यवतीबाई, थोडे दिवस हेच चालवून पाहायचं का? तुमचे वडील जाळीपासून तरी सुटतील."

हाच विचार तिच्याही डोक्यात रात्रभर फिरला होता. तिने मान हलवली. "जाळीजवळ धोका आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. टेबलावर कोणालाच ठाऊक नसेल. तिथे माणसं बिनधास्त हात ठेवतील."

साहेबांनी कॅटलॉग तिच्यापुढे सरकवले. एका जातीत मोजलेला आकडा प्रकाशाने पलीकडे जायचा, दुसरीत चुंबकाने. प्रकाशाच्या जातीतला दिवा इकडच्या उन्हाळ्यात हळूहळू मंद होऊन आकडा चुकवू लागला असता. चुंबकाच्या जातीत तिने आणखी एक गोष्ट शोधली. ठळक अक्षरात छापलेला आकडा क्षणभर दाब सोसण्याचा असतो. जन्मभर सोसण्याचा आकडा खाली, बारीक. तो बारीक आकडा सहाशेच्या दुपटीहून मोठा निघाला, तेव्हाच तिने खूण केली.

घरी सांगणं मात्र जड गेलं. आई, रंभाबाई, अंगणात तांदूळ पाखडत होती. कवडूजी हातपाय धुऊन बाजेवर बसले होते.

"बाबा, माह्या हातानं केलेलं मी रद्द केलं. मुंबईहून दुसरं येईस्तोर, दिवाळीपर्यंत, तुमालेच वाकावं लागन."

"मंग?"

"मंग काय! मी तुमच्यासाठीच करून राहिली होती ना."

कवडूजी म्हणाले, "तिथं पॅनलवर धनीराम बसते, गुलाब बसते. त्याईचे बी लेकरं हायेत. तू बराबर केलं." मग हळूच म्हणाले, "पन काटा दिसत नाई बाई, हे खरं हाय. म्हनून जवळ जातो मी. कोनाले सांगतलं नाई."

रंभाबाईंचं सूप थांबलं. "मले बी नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं त तू कामावर जाऊ देल्लं असतं का?"

त्या रविवारी सत्यवती साकोलीला मामाकडे गेली. मामा नागझिऱ्याच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण पडून होती. सोमवारी तिने हॉलच्या कोरड्या कोपऱ्यात, जाळीपासून चांगली लांब, चुन्याची रेघ मारली आणि बाबांच्या गळ्यात दुर्बीण अडकवली. गुलाबने विचारलं, "कवडूभाऊ, वाघ दिसला का?" हॉलभर हसू पिकलं. कवडूजींनी दुर्बीण डोळ्याला लावली, स्क्रू फिरवला, आणि तोंड उघडंच राहिलं.

"अरे, काट्याची सावली बी दिसून राहिली!"

आठवड्याभरात प्रत्येक पाळीचा माणूस रेघेवरूनच वाचू लागला. जाळीजवळ जायचं नाही, असं साहेबांनी तोंडीच फर्मान काढलं. सत्यवतीने बाबांना चष्म्यासाठी तुमसरला नेलं, तेही कुरकुर न करता आले.

अॅम्प्लिफायर आला तो दिवाळी उलटून गेल्यावर. राळेत गच्च बंद केलेली काळी डबी, काडेपेटीहून थोडी मोठी. सत्यवतीने ती झाकणाच्या पेटीत बसवली, आधी वर्कशॉपमध्ये धूळ, वाफ, सगळं दाखवून. अर्थची तार सोडवली तरी टेस्टर पेटला नाही. कारखान्याची वीज बंद ठेवून दुपारी जोडणी झाली. संध्याकाळी वीज चढली, तेव्हा ती हॉलमध्ये रेघेवर होती आणि बाबा पॅनलच्या खोलीत नव्या मीटरसमोर, खुर्चीवर. मधे फोन.

"चार हजार दोनशे," बाबा म्हणाले.

"इकडे बी चार हजार दोनशे."

वीज वाढवली. आकडे जुळले. कमी केली, पुन्हा जुळले. मागे गोपीचंद साहेब "बस, बस" म्हणत असल्याचं ऐकू आलं. सत्यवतीला रिसीव्हर ठेववेना. तिकडूनही कोणी ठेवला नाही.

"बाई," बाबा म्हणाले, "सकाळपासून जेवली का तू?"

"नाई."

"मंग ये ना. मी बी थांबून राहिलो."

तिने जाळीतल्या जुन्या मीटरकडे एकदा पाहिलं, हात पुसले, आणि पॅनलच्या खोलीकडे निघाली. आईने दिलेला डबा कवडूजींनी उघडून ठेवला होता. भात गार झाला होता, वांग्याची भाजीही. गुलाब आणि धनीराम नव्या मीटरसमोर आरामात टेकून बसले होते, आणि एकाचा हात सहज मीटरच्या चौकटीवर होता.