नळताईची बॅग आणि पालथा ट्रे

मी एक जुनी, बेढब, हिरवट रंगाची बॅग आहे. सायकलच्या मागच्या कॅरियरला एका बाजूने लटकते. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सुरुवातीलाच डोळ्यांत पाणी आणतात. मी आणणार नाही. पाणी रोखणे हेच माझे काम आहे. तेव्हा रडगाणे ऐकायला कोणी बसले असेल तर त्याने खुशाल उठावे.

माझा जन्म ट्रकवर टाकायची ताडपत्री बनवणाऱ्या एका शेडमध्ये झाला. ताडपत्रीचे तुकडे उरले की मालक त्यांच्या बॅगा करून घेई. मला सुईदोरा लागलाच नाही. जाड मनगटाच्या एका बाईने गरम यंत्राखाली माझ्या कडा एकमेकींना चिकटवल्या. शिलाई आली की भोके आली आणि भोके आली की पाणी आले, असा तिचा सरळ हिशेब होता. मग माझ्या पाठीला ताठ फळी बसली. फळीवर कॅरियरची सळई पकडणारे दोन आकडे आणि खाली मला हलू न देणारी एक पकड. आत एक मऊ खण होता. तो वरच्या काठाला टांगलेला, तळाला न टेकणारा. शेवटी त्या बाईने मला नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरले, खुंटीला अडकवले आणि म्हणाली, "गळलीस तर बघ."

मी गळले नाही. आयुष्यात मला उद्देशून बोललेले पहिले वाक्य हे असे दमदाटीचे होते, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले.

दुकानात मात्र माझी किंमत कोणाला कळेना. खालच्या फळीवर गोंडस बॅगा बसल्या होत्या. कोणाला चामड्याचे पट्टे, कोणाला पितळी बकल. मी वर, धुळीत. गिऱ्हाईक मान वर करायचे आणि दुकानदार आधीच सांगून टाकायचा, "ती नका बघू, ती अगदीच हमाली आहे." हमाली! मग बॅगेने काय नाचायचे होते?

एके दिवशी एक बाई सायकल थेट दुकानात घेऊन आली. उजव्या टाचेवर खरचटलेले, हातात एक देखणी कापडी बॅग. तिने ती काउंटरवर आपटली.

"ही परत घ्या. दर फेरीला माझी टाच हिला लागते. आणि काल गतिरोधकावर हिने उडीच मारली."

"ताई, रंग किती छान आहे पण."

"रंग टाचेला लावू का?"

ही नळताई. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती जमिनीखालच्या नळांचे नकाशे लॅपटॉपवर काढायची, आणि त्यासाठी गावभर जागेवर जाऊन मापे घ्यायची. म्हणून कचेरीने तिला हे नाव ठेवले होते. आधी ती चिडायची, मग स्वतःच फोन उचलून "नळताई बोलतेय" म्हणायला लागली.

दुकानदाराने बकलवाली पुढे केली. "ही घ्या. ऑफिसात शोभेल."

"शोभायला मी आहे," नळताई म्हणाली. "बॅगेने लॅपटॉप न्यायचा." आणि तिने वर पाहिले.

मला खाली काढले गेले. तिने सायकल स्टँडवर घेतली, मला अडकवले, रोजचे बूट घालून सीटवर बसली आणि तिथल्या तिथे पायडल उलटे फिरवायला लागली. टाच माझ्या जवळून गेली, पण लागली नाही. मग तिने कॅरियर धरून सायकल गदागदा हलवली. मी जागची हलले नाही. मग बाटलीतले पाणी माझ्या डोक्यावर ओतले. दुकानदार ओरडला, "अहो ताई, माल आहे तो!" तिने ऐकले नाही. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काढून माझ्या खणात सोडला आणि तळाखालून मूठ दाबून पाहिली. लॅपटॉप आणि तळ यांच्यामध्ये मोकळी जागा होती.

"हे बरं आहे," ती म्हणाली. "आपटलं तर बॅग आपटेल. लॅपटॉप नाही."

बरोबर! आपटायला मी आहे. इतक्या दिवसांत हे एकीला कळले.

नळताईला सायकलचे वेड नव्हते. तिला वैताग होता तो कचेरीच्या गेटचा. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. माणूस सरळमार्गी, पण काळजीने अर्धा. सकाळी तो तिला स्कूटरवरून सोडायचा आणि संध्याकाळी दुकान बंद झाले की न्यायला यायचा. तोवर ही गेटपाशी उभी. काम संपले तरी दिवस हातात येत नव्हता. लहान लेक घरी वाट पाहून झोपी जायची. सायकल घेतली तेव्हा नवऱ्याने आकाशपाताळ एक केले, पण तिने घेतलीच.

कचेरीतले मोठे साहेब वेगळ्याच तऱ्हेचे. त्यांनी मला पाहून नाक मुरडले. "लॅपटॉप सरकारी आहे. सायकलवरून नेताय, न्या. पण त्याला एक ओरखडा दिसला की सायकल बंद. मग लॅपटॉप आमच्या गाडीतून येईल आणि तुम्हीसुद्धा."

म्हणजे पुन्हा गेट. पुन्हा दुसऱ्याच्या वेळेवर येणे-जाणे. मित्रांनो, माझ्या खणात नुसता लॅपटॉप नव्हता, हे त्या दिवशी मला कळले.

पहिले काही दिवस मजेत गेले. खड्डे आले, मी झेलले. पाऊस आला, मी निथळले. नळताई काम संपले की मला अडकवून निघायची आणि लेकीला जागी गाठायची. अशात त्यांच्या घरातला चहाचा स्टीलचा ट्रे नाहीसा झाला. पाहुणे आले तेव्हा कप हातात धरून न्यावे लागले. नळताईने सगळे फडताळ पालथे घातले. नवऱ्याने वर्तमानपत्र आणखी वर धरले.

ट्रे कुठे होता ते मला ठाऊक होते, कारण तो माझ्या पोटात होता! नवऱ्याने लॅपटॉप खणात अधांतरी लोंबकळताना पाहिला आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. त्याने गुपचूप माझ्या तळाशी जुन्या चादरीच्या घड्या घातल्या, त्यावर ट्रे पालथा ठेवला आणि लॅपटॉपला खालून भक्कम आधार दिला. माझी मोकळी जागा बुजवली. ज्या जागेच्या जोरावर मी लॅपटॉप सांभाळत होते, तीच. नळताईला वजन वाढल्यासारखे वाटले, पण तिने डब्याला दोष दिला. मी ओरडून सांगितले असते. पण माझे तोंड गुंडाळून बंद करायचे असते.

आता प्रत्येक दणका ट्रेवरून थेट लॅपटॉपला बसू लागला. आठवडाभरात त्याचा कोपरा चेपला.

साहेबांच्या नजरेतून ते सुटते थोडेच? त्यांनी लॅपटॉप उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "मी म्हटलंच होतं. ही बॅग भिकार आहे. उद्यापासून गाडी."

भिकार! मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आकड्यांत जीव असता तर मी साहेबांच्या कॉलरला लटकले असते.

घरी येऊन नळताईने मला जमिनीवर उलटे केले. चादर पडली. मग ट्रे खणखणत बाहेर आला आणि गोल फिरून नवऱ्याच्या पायाशी थांबला.

"अगं, खाली काही आधार नको का?" तो पुटपुटला. "बिचारा नुसता लोंबकळत होता."

"तो लोंबकळायलाच हवा होता!" नळताईचा आवाज चढला. "विचारायचं तरी! ती बॅग कशी चालते हे तुम्ही विचारलंत? मला काय हवंय हे तरी कधी विचारलंत? तुमच्या काळजीपायी माझी सायकल गेली."

नवऱ्याने ट्रे उचलला. नंतर हळूच म्हणाला, "मी साहेबांना येऊन सांगतो."

"नको. घरातलं घरात राहू दे. माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप साहेबांच्या गाडीतून गेला. नळताई मात्र गाडीत बसली नाही. ती सायकलवरूनच निघाली, आणि मला रिकामे असूनही अडकवले. मी भरल्या पोटाने जेवढी ताठ असते, त्याहून ताठ होते.

तशातच बाजाररस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली. गुडघाभर पाणी, दुकानांच्या तळघरांत धबधबा, माणसे माल डोक्यावर घेऊन पळताहेत. पाणी अडवायला रस्त्यातल्या कोणत्या झाकणाखालची चावी बंद करायची ते फक्त नळताईच्या नकाशात होते. नकाशा लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप साहेबांच्या गाडीत, आणि गाडी बाजाराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर रुतल्यासारखी. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळे हॉर्न वाजवताहेत.

नळताई गाड्यांमधून वाट काढत तिथे पोचली आणि खिडकीवर टकटक केली.

"साहेब, लॅपटॉप द्या."

"सायकलवरून? मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. आता गाडी कधी पोचणार तेही सांगा."

साहेबांनी पुढे पाहिले. पुढे एका ट्रकची पाठ होती. "आणि भिजला तर?"

"भिजला तर मी रोज गेटपाशी उभी राहीन, तुमच्या गाडीची वाट बघत. आता आधी द्या."

काच खाली आली. लॅपटॉप बाहेर आला. नळताईने तो खणात सोडला, माझे तोंड घट्ट गुंडाळले आणि पाण्यात शिरली.

आधी चाक बुडाले, मग मी. गढूळ पाणी माझ्या कडांवर बोटे फिरवत आत शिरायला जागा शोधत होते. शोध म्हटले, शोध. मधेच पुढचे चाक न दिसणाऱ्या खड्ड्यात गेले आणि सायकल धाडकन खाली आली. मी दगडावर आपटले. आत लॅपटॉप झुलला आणि तळाला न लागता परत आला. मला ती जाड मनगटाची बाई आठवली. बाई, बघ. गळले का?

नळताईने एका हातगाडीवर लॅपटॉप उघडला. नकाशा उमटला. पाण्यात लोखंडी पाने घेऊन उभ्या असलेल्या कामगारांना ती ओरडली, "मधलं झाकण नाही! चपलांच्या दुकानाच्या पायरीशेजारचं!" झाकण निघाले, चावी फिरली आणि पाण्याचा जोर उतरला.

साहेब पोचले ते पायी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून. त्यांनी माझ्या आत हात घातला, कोपरान्‌कोपरा चाचपला आणि बोटे बाहेर काढून पाहिली. कोरडी ठाक.

"हं," साहेब म्हणाले.

एवढेच! माझे कौतुक म्हणतात ते हे एक अक्षर. सायकलबंदीचा हुकूम त्यांनी कधी मागे घेतला नाही, पण त्याचे नावही पुन्हा काढले नाही. नळताईला न्यायला गाडी आली नाही आणि ती गेटपाशी उभी राहिली नाही. घरी नवऱ्याने सगळे ऐकून एकच विचारले, "खड्ड्यात आपटला नाही लॅपटॉप?" ती म्हणाली, "नाही. खाली मोकळं होतं ना." त्याने मान हलवली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे राबले. ऊन, चिखल, कुत्र्याचे दात, सगळे खाल्ले. मग एक आकडा तुटला. तसला दुसरा बाजारात मिळेना. नळताईने नवी बॅग घेतली आणि मला मागच्या बाल्कनीतल्या खिळ्याला टांगले. म्हणे, "हिला टाकवत नाही, जपून ठेवते." आणि माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे भरले! पाण्यातून लॅपटॉप नेलेल्या पोटात चिमटे! मित्रांनो, लोक मला विसरले असते तरी चालले असते. पण जपून ठेवण्याचा मला मनस्वी राग आला.

दिवस गेले. परवा लेकीला नोकरी लागली. पुस्तकांची पाने संगणकावर जुळवण्याचे काम, लॅपटॉप सोबत न्यायचा. तिने बाल्कनीत येऊन माझ्यातले चिमटे बादलीत ओतले.

"आई, हीच घेऊ का?"

"आकडा तुटलाय तिचा."

तेव्हा तिचे बाबा उठले. आता केस पांढरे, चष्मा जाड. त्यांनी मला मांडीवर घेतले, तुटक्या आकड्याजवळ डोळे नेले आणि लेकीला विचारले, "हिला नक्की काय लागतं? सळईला कशी धरते, दाखव बघू मला."

विचारले! इतक्या वर्षांनी का होईना, विचारले. लेकीने सायकल आणली आणि दाखवले. मग चष्म्याचे बारीक पेचकस निघाले. एका मोडक्या बॅगेचा आकडा कापून, घासून, माझ्या फळीवर बेतून त्यांनी बसवला. छोटे छोटे स्क्रू हरवू नयेत म्हणून शेजारी चहाचा ट्रे ठेवला होता. सुलटा.

आज सकाळी लेक निघाली. बाबा दारात आले. "किती वाजता..." एवढे बोलून त्यांनी नळताईकडे पाहिले, उरलेले गिळले आणि म्हणाले, "जा."

तर मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू हात जोडते आणि म्हणते, मला जपा. मी जोडणार नाही. मला हात नाहीत, आकडे आहेत, आणि ते धरायला आहेत. मला जपू नका. मी कशासाठी आहे ते आधी विचारा, बिघडले तर दुरुस्त करा आणि वापरा. खड्डे येऊ द्या. मी बघून घेईन.

लेकीने पायडल मारले. तिची टाच माझ्या शेजारून गेली आणि मला लागली नाही. कोपऱ्यावर वळताना तिने मागे पाहिले नाही. मीही नाही.